लिनक्सवर एक सॉफ्टवेअर टाकायचं तर आधी पाच का टाकावी लागतात? 'क्यू फाईल'ने सुटणारा गुंता

समजा, बोरीवलीत राहणारी इलेक्ट्रॉनिक्सची एक विद्यार्थिनी आहे. घरातला लॅपटॉप जुना. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला आणि या लॅपटॉपवर विंडोज ११ बसत नाही. नवा लॅपटॉप घ्यायचा तर घरचं बजेट कोलमडणार. मग तिने लिनक्स टाकलं. लॅपटॉप पुन्हा पळायला लागला.

इथपर्यंत सगळं छान. आता सबमिशन जवळ आलं आणि सर्किट डिझाईनसाठी 'कीकॅड' नावाचं सॉफ्टवेअर हवं झालं. तिच्या लिनक्ससाठी ते तयार मिळेना, म्हणून तिने सोर्स कोड उतरवला आणि कंपाईल करायला लावला. दोन मिनिटांत एरर आली. अमुक लायब्ररी सापडली नाही. ती शोधली, तर तिला आणखी एक लायब्ररी हवी होती. ती टाकली, तर तिसरीच एरर. रात्रीचा एक वाजला, कीकॅड अजून जागच्या जागी.

लिनक्स वापरणाऱ्या जवळपास प्रत्येकाने अशी एखादी रात्र काढलेली असते. या गुंत्याला 'डिपेन्डन्सी हेल' असं नाव आहे. आणि त्यातून वाट काढण्याचा एक अगदी साधा, जुना उपाय आहे 'क्यू फाईल'. नाव जड वाटतं, पण ही फक्त एक साधी टेक्स्ट फाईल असते. त्यात एवढंच लिहिलेलं असतं की कोणतं सॉफ्टवेअर आधी बनवायचं आणि कोणतं नंतर.

आधी समजून घेऊ, 'सोर्समधून इन्स्टॉल' म्हणजे काय?

गणपतीत मोदक दोन प्रकारे घरी येतात. एक तर दुकानातून तयार आणायचे, नाहीतर घरी करायचे.

मोबाईलच्या ॲप स्टोअरवरून किंवा उबंटूसारख्या लिनक्समध्ये आपण जे टाकतो, ते तयार मोदक. कुणीतरी आधीच कोड कंपाईल करून ठेवलेला असतो, आपण फक्त उतरवून घेतो. सोर्समधून इन्स्टॉल करणं म्हणजे घरी मोदक करणं. प्रोग्रामरने लिहिलेला मूळ कोड आणायचा, तो आपल्याच मशीनवर कंपाईल करायचा आणि मग वापरायचा.

घरच्या मोदकात एक गोष्ट टाळता येत नाही, ती म्हणजे क्रम. खोबरं खवल्याशिवाय सारण होत नाही. सारण आणि उकड तयार असल्याशिवाय मोदक वळता येत नाही. सॉफ्टवेअरचंही तसंच. आजचं कोणतंही मोठं सॉफ्टवेअर सगळं स्वतः करत नाही. खिडक्या आणि बटणं दाखवायला एक लायब्ररी, गणितासाठी दुसरी, थ्रीडी आकारांसाठी तिसरी. या सगळ्या त्याच्या डिपेन्डन्सी. त्या आधी मशीनवर नसतील, तर मुख्य सॉफ्टवेअर बनतच नाही.

मग उबंटूवर हा त्रास का जाणवत नाही?

कारण तिथे हा क्रम लावायचं काम पॅकेज मॅनेजर करतो. तुम्ही एक नाव सांगता, तो डिपेन्डन्सीची यादी काढतो, सगळं उतरवतो आणि बसवतो. डेबियन, उबंटू, फेडोरा या सगळ्यांत अशीच सोय आहे.

पण 'स्लॅकवेअर' नावाचं लिनक्स वेगळ्या वाटेने जातं. अमेरिकेतल्या मिनेसोटामध्ये मूरहेड स्टेट युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या पॅट्रिक वोल्करडिंग यांनी १७ जुलै १९९३ ला त्याची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. डेबियनची घोषणा झाली त्याच्या महिनाभर आधी. आज जी लिनक्स डिस्ट्रिब्युशन्स चालू आहेत, त्यात स्लॅकवेअर सगळ्यात जुनं. वोल्करडिंग आजही ते सांभाळतात. १५.० ही आवृत्ती २ फेब्रुवारी २०२२ ला आली, त्याआधीच्या १४.२ नंतर तब्बल साडेपाच वर्षांनी.

स्लॅकवेअरचा अधिकृत पॅकेज मॅनेजर पॅकेज बसवतो, काढतो, बदलतो. पण डिपेन्डन्सी शोधत नाही. ही चूक नाही, जाणूनबुजून घेतलेला निर्णय आहे. मशीन ज्याचं, त्याला त्यात काय जातंय हे माहीत असावं, असा त्यामागचा विचार. सोय कमी, ताबा जास्त.

स्लॅकबिल्ड म्हणजे पाककृती, क्यू म्हणजे कामांचा क्रम

स्लॅकवेअरमध्ये मुळात नसलेली सॉफ्टवेअर बनवण्यासाठी 'स्लॅकबिल्ड' नावाच्या स्क्रिप्ट असतात. स्वयंसेवक त्या लिहितात आणि २००६ पासून त्यांचा एक मोठा सामायिक संग्रह चालू आहे. लक्षात घ्या, या संग्रहात तयार सॉफ्टवेअर नसतं, ते बनवायची कृती असते. प्रत्येक सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये साधारण चार गोष्टी मिळतात.

पहिली, मुख्य स्क्रिप्ट. कोड उलगडायचा, कंपाईल करायचा आणि त्याचं पॅकेज बांधायचं काम ही करते. दुसरी, माहितीची फाईल. कोड कुठून उतरवायचा, त्याचा चेकसम काय आणि डिपेन्डन्सी कोणत्या, हे तिच्यात असतं. तिसरी, थोडक्यात वर्णन. आणि चौथी, 'रीडमी', म्हणजे सूचना.

यात एक फायदा आहे. सोर्स कोड थेट कंपाईल करून बसवला, तर त्याच्या शेकडो फाईली सिस्टिममध्ये इकडेतिकडे पसरतात आणि नंतर काढताना कुठली कुणाची हे कळत नाही. स्लॅकबिल्ड आधी पॅकेज बनवतं. त्यामुळे कोणती फाईल कुठे गेली याची नोंद राहते आणि नको झालं की सगळं एका कमांडमध्ये निघतं.

पण एक स्लॅकबिल्ड एकच सॉफ्टवेअर बनवतं. सहा हवी असतील तर सहा वेळा तेच काम, तेही योग्य क्रमाने. इथे 'एसबीओपीकेजी' नावाचं टूल कामाला येतं. ते हा संग्रह तुमच्या मशीनवर उतरवून घेतं आणि तुम्ही दिलेल्या क्यू फाईलप्रमाणे एकामागून एक सॉफ्टवेअर बनवून बसवत जातं.

क्यू फाईलमध्ये नेमकं काय असतं?

फाईलच्या नावाच्या शेवटी 'डॉट एसक्यूएफ' असतं. आत एका ओळीवर एक नाव. टूल वरून खाली वाचत जातं, म्हणून ज्याची गरज आधी, ते वर. नियम इतकेच:

– ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह असेल, तर ती ओळ फक्त माणसांसाठी. टूल ती सोडून देतं.

– नावाच्या आधी उणे चिन्ह असेल, तर ते सॉफ्टवेअर यादीत दिसतं, पण बनत नाही.

– नावाच्या आधी 'ॲट'चं चिन्ह असेल, तर ते नाव दुसऱ्या क्यू फाईलचं. म्हणजे एका यादीत दुसरी यादी जोडता येते.

– नावानंतर उभी रेघ देऊन त्या सॉफ्टवेअरसाठी खास पर्याय लिहिता येतात.

बस, एवढंच. यात प्रोग्रामिंग नाही. नोटपॅड उघडता येणारा कुणीही ही फाईल वाचू शकतो.

आता पुन्हा त्या कीकॅडकडे येऊ

हे उदाहरण मुंबईतल्या विद्यार्थ्यांसाठी उगाच घेतलेलं नाही. पवईच्या आयआयटी मुंबईत 'फॉसी' नावाचा प्रकल्प चालतो. महागड्या सॉफ्टवेअरऐवजी कॉलेजांनी मुक्त सॉफ्टवेअर वापरावं, हा त्याचा उद्देश. केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाच्या योजनेतून त्याला निधी मिळतो. याच प्रकल्पातून 'ई-सिम' नावाचं सर्किट डिझाईनचं मुक्त सॉफ्टवेअर तयार झालं.

ई-सिम सगळं शून्यातून करत नाही. सर्किटची आकृती काढायला ते कीकॅड वापरतं आणि सर्किट चालवून बघायला 'एनजीस्पाइस'. म्हणजे पवईत बनलेलं हे सॉफ्टवेअरसुद्धा जगभरातल्या इतर प्रकल्पांच्या खांद्यावर उभं आहे. त्याचे तयार इन्स्टॉलर उबंटू आणि विंडोजसाठी मिळतात. उबंटू वापरत असाल, तर सरळ तोच वापरा. पण स्लॅकवेअरसारखं लिनक्स असेल, तर पाया स्वतः रचावा लागतो.

कीकॅडचा पाया असा आहे. खिडक्या, मेनू दाखवायला त्याला 'डब्ल्यूएक्सविजेट्स' लागतं. पायथनमधून त्याच्यावर काम करायचं तर 'डब्ल्यूएक्सपायथन', आणि ते स्वतः डब्ल्यूएक्सविजेट्सवर उभं. थ्रीडी आकारांसाठी 'ओपनकॅस्केड', ग्राफिक्सच्या गणितासाठी 'जीएलएम' आणि सिम्युलेशनसाठी एनजीस्पाइस. मग क्यू फाईल साधारण अशी होईल:

जीएलएम
ओपनकॅस्केड
एनजीस्पाइस
डब्ल्यूएक्सविजेट्स
डब्ल्यूएक्सपायथन
कीकॅड

पहिल्या तिघांची आपापसात अदलाबदल केली तरी चालेल, कारण ती एकमेकांवर अवलंबून नाहीत. पण डब्ल्यूएक्सपायथन डब्ल्यूएक्सविजेट्सच्या वर गेलं, की गाडी अडली. आणि कीकॅड शेवटीच. नेमकी यादी आवृत्तीनुसार बदलते, म्हणून स्लॅकबिल्डच्या माहितीच्या फाईलमध्ये जे लिहिलंय तेच धरायचं.

यात एक खाच आहे. एनजीस्पाइस दोन रूपांत बनतं. एक, स्वतंत्र चालणारा प्रोग्राम. दुसरं, इतर सॉफ्टवेअरला वापरता येईल अशी लायब्ररी. कीकॅडला हे दुसरं रूप हवं असतं. ते बनवायला कंपाईल करतानाच खास पर्याय द्यावा लागतो. तो दिला नाही, तर एनजीस्पाइस मशीनवर असूनही कीकॅडला ते सापडणार नाही. म्हणजे नाव आणि क्रम बरोबर असणं पुरेसं नाही, कोणत्या पर्यायाने बनवलं हेही लागतं. स्लॅकबिल्डमध्ये अशा पर्यायांची सोय केलेली असेल, तर क्यू फाईलमधल्या उभ्या रेघेनंतर तो लिहून ठेवता येतो.

ओरडणारी चूक आणि गप्प बसणारी चूक

क्रम चुकला की एरर येते, हे वर बघितलं. ती खरं तर सोपी चूक. ती ओरडून सांगते, आपण दुरुस्त करतो.

खरा घात करते गप्प बसणारी चूक. अनेक सॉफ्टवेअर कंपाईल होण्याआधी मशीनवर नजर फिरवतात. एखादी ऐच्छिक लायब्ररी दिसली तर तिची सोय जोडतात, नाही दिसली तर काही न बोलता ती सोय वगळून पुढे जातात.

पायथनचं उदाहरण घ्या. पायथन सोर्समधून बनवताना 'ओपनएसएसएल'च्या फाईली मशीनवर नसतील, तरी पायथन बनतो. चालतोही. पण त्यात सुरक्षित कनेक्शनचा भागच नसतो. मग काही दिवसांनी इंटरनेटवरून पायथनचं एखादं पॅकेज उतरवायला गेलात की ते नाही म्हणतं, आणि तुम्ही वायफायला दोष देत बसता. नंतर ओपनएसएसएल टाकलं तरी उपयोग नाही. पायथन पुन्हा बनवावा लागतो.

म्हणून क्यू फाईल फक्त वेळ वाचवत नाही. डिपेन्डन्सी आधी, मुख्य सॉफ्टवेअर नंतर हा क्रम पाळला की ही गप्प बसणारी चूक बऱ्याच अंशी टळते.

ही यादी हाताने करायची का?

गरज नाही. एसबीओपीकेजीसोबत 'एसक्यूजी' नावाची एक छोटी स्क्रिप्ट येते. तिला सॉफ्टवेअरचं नाव दिलं की ती माहितीच्या फाईली वाचते, डिपेन्डन्सीच्या डिपेन्डन्सी शोधते आणि क्यू फाईल तयार करून देते.

पण ती तेवढंच वाचते, जेवढं त्या फाईलीत लिहिलंय. ऐच्छिक लायब्ररी कोणत्या घ्यायच्या, कुठला पर्याय द्यायचा, हे बहुतेक वेळा रीडमीमध्ये असतं. काही सॉफ्टवेअरच्या डिपेन्डन्सीच्या ओळीत तर सरळ 'रीडमी बघा' अशीच खूण केलेली असते. ते वाचायचं काम माणसाचंच.

साधारण पद्धत अशी. आधी संग्रह ताजा करून घ्या. एसक्यूजीने यादी बनवा. ती उघडून वाचा, प्रत्येक नावाचं रीडमी नजरेखालून घाला, हवे ते पर्याय जोडा. मग यादी टूलकडे सोपवा. काम सुरू करण्याआधी टूल काय काय बनणार आहे ते एकदा दाखवतं. मध्येच एखादं सॉफ्टवेअर अडलं, तर थांबायचं की पुढे जायचं हेही विचारतं. अशा वेळी थांबलेलं बरं. पाया पडला असेल, तर वरचे मजले चढवण्यात अर्थ नाही.

जुन्या लॅपटॉपवाल्यांनी आणखी दोन गोष्टी बघाव्यात. ओपनकॅस्केडसारखी मोठी लायब्ररी कंपाईल व्हायला बराच वेळ लागतो, त्यामुळे हे काम रात्री लावून झोपलेलं चांगलं. आणि रॅम कमी असेल, तर एकाच वेळी चालणाऱ्या कामांचा आकडा कमी ठेवा. नाहीतर मेमरी संपून काम अर्ध्यात बंद पडतं. डिस्कवरही काही जीबी जागा मोकळी हवी.

सोर्समधून बनवलं म्हणजे सुरक्षित?

सोशल मीडियावर हा दावा बऱ्याचदा दिसतो. कोड उघडा आहे, आपण स्वतः कंपाईल केला, म्हणजे धोका नाही. हे अर्धसत्य आहे.

२९ मार्च २०२४ ला मायक्रोसॉफ्टमधले इंजिनिअर अँड्रेस फ्रॉइंड यांनी जगाला एका गोष्टीची खबर दिली. फाईली आक्रसून लहान करणाऱ्या 'एक्सझेड' या टूलच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा बसवलेला होता. त्यांना संशय आला तो एका किरकोळ गोष्टीवरून. दुसऱ्या मशीनवर लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागत होता. 'जिया टॅन' या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोनेक वर्षं मदत करून त्या प्रकल्पाचा विश्वास मिळवला होता.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की चोरदरवाजा चालू करणारा तुकडा सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या भांडारात नव्हताच. तो फक्त उतरवून घ्यायच्या सोर्सच्या गठ्ठ्यात होता. म्हणजे जो सोर्सचा गठ्ठा आणून आपण कंपाईल करतो, त्यातच. शिवाय तो आपण कुठे बनतोय हे तपासायचा. डेबियन किंवा रेड हॅट पद्धतीचं पॅकेज बनत असेल, तरच जागा व्हायचा.

चेकसमने हे पकडलं असतं का? नाही. स्लॅकबिल्डमधला एमडी५ चेकसम एवढंच सांगतो, की तुम्ही उतरवलेली फाईल आणि स्लॅकबिल्ड लिहिणाऱ्याने वापरलेली फाईल एकच आहे. त्या फाईलीत मुळात काय आहे, हे तो सांगत नाही.

आणि ही सगळी कामं 'रूट' म्हणजे मशीनच्या सर्वाधिकाराने चालतात, हेही विसरू नका. त्यामुळे कुठल्याशा ग्रुपवर कुणी फॉरवर्ड केलेली क्यू फाईल किंवा स्क्रिप्ट न वाचता चालवणं म्हणजे अनोळखी माणसाच्या हातात घराची किल्ली देण्यासारखं आहे. क्यू फाईल चार-पाच ओळींची असते. ती वाचायला मिनिट लागत नाही. नावं ओळखीची आहेत का, पर्याय कशासाठी आहेत, एवढं तरी बघाच.

मग एवढा खटाटोप कशासाठी?

रोजच्या वापरासाठी उबंटू किंवा तत्सम काही पुरेसं असेल, तर तेच वापरा. त्यात कमीपणा काहीच नाही. पण जिथे तयार पॅकेज मिळत नाही किंवा मिळतं त्यात हवी ती सोय नसते, तिथे हा मार्ग उपयोगी पडतो.

आणि त्याचा खरा फायदा पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा कळतो. लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली, सगळं पुन्हा टाकायचं आहे? क्यू फाईल जपून ठेवली असेल, तर क्रम पुन्हा शोधायला लागत नाही. डब्ल्यूएक्सविजेट्सची नवी आवृत्ती आली आणि त्यावर उभी असलेली सॉफ्टवेअर चालेनाशी झाली? तीच यादी त्याच क्रमाने पुन्हा चालवायची. वर्गातल्या मैत्रिणीला तेच हवं आहे? फाईल पाठवून द्यायची. पेनड्राईव्हचीही गरज नाही, मेसेजमध्ये मावेल एवढी ती असते. फक्त तिनेही ती चालवण्याआधी वाचायची.

बोरीवलीतल्या त्या विद्यार्थिनीची रात्र वाया गेली, कारण कशाच्या आधी काय हे तिला एकेका एररमधून शोधावं लागलं. तोच क्रम तिच्याआधी कितीतरी जणांनी शोधला असेल, पण तो त्यांच्या डोक्यातच राहिला. क्यू फाईल तो डोक्यातून कागदावर आणते. तिने आता ओळींच्या वर हॅश देऊन 'एनजीस्पाइस लायब्ररी म्हणून बनवणे, नाहीतर कीकॅडला सापडत नाही' एवढं मराठीत लिहून ठेवलं, तरी पुढच्या कुणाची तरी एक रात्र वाचेल.